डावं चाक फिरतंय का

उलानबातरला, सर्कशीच्या मागे, तळघरात दुकान.
पाटी नाही. जिन्यात सिरक्याचा आंबूस वास येतो,
तोच पत्ता.

लोक रोल मुठीत लपवून आणतात,
दवाखान्यात लघवीची बाटली नेतात तसा,
आणि निदान घरूनच करून येतात :
फिल्म जुनी होती. तुमचं केमिकल बिघडलंय, दुलमाबाई.
मी म्हणते, थांबा. आधी कडा बघू.

कडेला आकडे उमटलेत आणि चौकटी कोऱ्या,
तर माझं पाणी बरोबर; उजेड आत गेलाच नाही.
आकडेही नाहीत, नुसती काच,
तर चूक माझी : फिक्सर आधी ओतला.
एकदाच झालं. सोदनोमच्या मुलीचं लग्न होतं.
अजून मी त्या गल्लीतून जात नाही.

निगेटिव्हवर बारीक फांद्या, वीज पडल्यागत?
भुतं नव्हेत ती. उणे तीसला हवा कोरडी ठाक,
आणि तुम्ही रोल भर्रकन गुंडाळलात.
सावकाश. झोपलेल्या पोराची टोपी काढता ना, तसा.
धुकं? बाहेरून आलात आणि लगेच झाकण उघडलंत.
कॅमेऱ्यालाही आत आल्यावर
तासभर गप्प बसू द्यावं पिशवीत.
नारिंगी पट्टा : मागच्या दाराचा स्पंज कुजला.
काळं सूत चिकटवा. माझं उंटाच्या लोकरीचं आहे,
बावीस वर्षं टिकलंय.
अर्धी चौकट गायब, तर शटरचं तेल गोठलं,
हिवाळ्यात पाचशेवर जाऊ नका.

हे सगळं मला पाठ. झोपेतही सांगेन.

मग त्सागान सारनंतर चोयजिल आले,
दोन दिवसांची वाट तुडवून, कोटाच्या आत झेनिट.
घर शेवटचं उतरवलं, म्हणाले.
आता लेकाकडे, सातव्या मजल्यावर.
छत्तीस काढलेत. तिपाईवरून, जागचा न हलता.

रोल धुतला. तीन चौकटी छान.
चौथी डांबरासारखी काळी, तिच्या कडेची भोकं फाटलेली.
पुढे स्वच्छ पट्टी. पाच, सहा, सात,
आकडे छत्तीसपर्यंत शहाण्यासारखे उभे,
आणि कुणीच नाही.

गारठ्यानं फिल्म कडक झाली, दात्यात फाटली, थांबली.
मोजणी मात्र चालू राहिली. तेहतीस फोटो एकावर एक.

खटका ओढताना डावं चाक फिरतंय का,
तेवढं बघायचं असतं, मी म्हटलं.
वरातीमागून घोडं. जीभ चावली.
ते म्हणाले, डावीकडे बायको उभी होती.
म्हणून नाही बघितलं.

काही उरलं नाही, हे वाक्य मी रोज बोलते.
त्या दिवशी बोलले नाही. चौथी चौकट यंत्रात घातली,
भिंग पूर्ण उघडं, कागद सगळ्यात कडक,
चार मिनिटं चाळीस सेकंद.
तांबड्या उजेडात दोघं तबकावर वाकलो.

माणसं नव्हतीच. हलणाऱ्यांना बर्फानं पुसून टाकलं होतं.
जाळीच्या भिंती, चुलीवरून धूर जावा इतक्या.
छत होतं, नव्हतं.
आणि मधोमध, ठसठशीत, काळा,
एक कुत्रा.

हा हललाच नाही? मी विचारलं.
नाही, म्हणाले.
बरंच थांबून म्हणाले, त्याला शेजाऱ्याकडे ठेवला.

एका प्रिंटचे पैसे घेतले. त्यांनी छत्तीसचे मोजले होते,
परत घेताना वाद घातला.
दाराशी पोचून थांबले, झेनिट काढला,
खटका ओढला, आणि डावीकडे बघत राहिले.
पुन्हा ओढला.

रिकामा आहे, मी जिन्यातून सांगितलं.
रिकाम्यात नाही फिरत.